चांदवडची बरणी

मुंबई-आग्रा महामार्गावरून चांदवडला येणारा प्रवासी अहिल्यादेवी होळकरांचा रंगमहाल पाहतो, डोंगरातील जैन लेण्यात दर्शन घेतो. जुन्या व्यापारी घरांच्या कोठीत दादरा बांधून ठेवलेली, तपकिरी-पांढरी चिनी मातीची बरणी मात्र त्याच्या नजरेतून सुटते.

लोणच्यासाठी अशीच पक्की भांडी एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतही घरोघरी असत. भट्टी सुमारे १२०० अंशांवर तापली की कुंभार तीत मीठ टाकीत. मिठातील सोडियम मातीतील सिलिकाशी संयोग पावून भांड्यावर काचेसारखा थर बसे. भाजण्यापूर्वी रेखाटलेली निळी फुले-पाखरे कोबाल्टची. एवढ्या आचेत टिकणारे रंग थोडेच. १८५८ मध्ये आट्याच्या झाकणाच्या काचेच्या बरणीचे पेटंट निघाले आणि हळूहळू ही भांडी अडगळीत गेली. आज संग्राहक त्यांना मोठी किंमत मोजतात.

चांदवडच्या बरणीची झिलई निराळी, गुण तोच: खार-आंबटाने झिजायचे नाही, ओल शोषायची नाही. लोणच्याला ओला हात लागू नये, हा आजीचा दंडक म्हणजे जयणाच. बुरशीच धरली नाही, तर जीवहिंसाही टळते. प्लॅस्टिकच्या डब्यासाठी बरणी भंगारात देण्यापूर्वी व्यापारी घराने एवढा हिशेब मांडावा.