छपरावरची तार

वालूरला येणारा पाहुणा आधी गावची चक्राकार बारव पाहतो आणि मग आमच्या छपरावरची तार. बारवेचे त्याला कौतुक वाटते. तारेकडे पाहून तो विचारतो, "मास्तर, कपडे वाळवायला एवढ्या उंच?"

मी हौशी बिनतारीवाला आहे. रीतसर परीक्षा देऊन सरकारी परवाना घेतलेला. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी शाळकरी पोर होतो. त्या दिवसांत हौशी मंडळींनी बिनतारीवरून निरोप पोचवले, हे पुढे कानावर आले आणि हे खूळ डोक्यात शिरले.

तार म्हणजे तांब्याचे दहा-दहा मीटरचे दोन हात. चाळीस मीटरच्या लहरींना अर्धी लांबी पुरते. एक टोक छपरावरच्या खांबाला, दुसरे शेजारच्या आजींच्या कडुलिंबाला. वाऱ्यात झाड डोलते आणि तार तुटते. म्हणून झाडाकडची दोरी कप्पीवरून घेऊन तिला वीट टांगली आहे. झाड झुकले की वीट वरखाली होते, तार शाबूत राहते. आजी मात्र अजून म्हणतात, "रिकामीच हाय की! पाच-सहा लुगडी वाळतील."

दसऱ्याला लोक हत्यारे पुजतात, मी तार उतरवून तपासतो. एका वर्षी आळस केला. रोज सकाळी सातला सोलापूरचे एक वयोवृद्ध गृहस्थ भेटत. ते अंथरुणाला खिळलेले; बोलणे तेवढे खणखणीत. एके सकाळी त्यांच्या जागी नुसती खरखर! धाडलेली शक्ती तारेतून परत येते आहे, असे काटा दाखवीत होता. तरी आठ दिवस मी यंत्राला दोष दिला, मग सूर्यावरच्या डागांना. (माणूस सूर्यापर्यंत जाईल, पण स्वतःच्या छपरावर चढणार नाही!)

अखेर चढलो. सांध्यावरची पट्टी उन्हाने तडकली होती, आत पावसाचे पाणी शिरून केबलची तांब्याची जाळी काळी पडली होती. हातभर केबल कापून टाकली, नवा डाख दिला, रबरी पट्टी गुंडाळली आणि थेंब गळून पडावेत म्हणून खाली केबलला झोळ ठेवला.

दुसऱ्या दिवशी सातला आवाज आला, "मास्तर, आहात होय! अहो, मी तुमच्या घरी सांत्वनाचे कार्ड टाकून बसलो!"

पत्ता त्यांच्याजवळ होताच. पहिल्या गाठीची खूण म्हणून हौशी मंडळी एकमेकांना कार्डे धाडतात. हे कार्ड दोन दिवसांनी आले. सौभाग्यवतीने ते मुकाट्याने वाचले आणि देवघरात ठेवले. आता पाऊस उघडला की तीच शिडी भिंतीला लावून ठेवते.