शिवलिंगाच्या पायथ्याशी

आपण सह्याद्रीची माणसे. डोंगर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काळा कातळ उभा राहतो. लाव्ह्याचे थर एकावर एक थिजून झालेला, पायरीपायरीचा. गढवालातले शिवलिंग शिखर पाहताना ही समजूत घरी ठेवावी लागते. हे शिखर ग्रॅनाइटचे. सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटात वितळलेला खडक सावकाश निवला, हिमालयाबरोबर वर आला आणि हिमनद्यांनी त्याला चहूबाजूंनी तासले. म्हणून तो रंगाने फिकट, अंगाने टणक आणि उभा सरळसोट. उंची ६५४३ मीटर.

गंगोत्रीहून गोमुख सुमारे १८ किलोमीटर. तिथून दगडधोंड्यांचा उभा चढ चढून गेले, की तपोवनाचे कुरण लागते आणि समोर एकदम शिवलिंग! युरोपियनांना त्याच्यात आपले मॅटरहॉर्न दिसले. पण मॅटरहॉर्नचा माथा ४४७८ मीटरवर. इथे जवळजवळ तेवढ्या उंचीवर नुसता पायथा आहे.

१९३३ साली मार्को पॅलिस यांची ब्रिटिश तुकडी या हिमनदीवर आली. तिच्यातील दोघे शेजारचे भागीरथी-३ चढून गेले. १९३८ साली जर्मन तुकडीने शिवलिंगाची पाहणी केली, पण ते उभे कडे आणि वर लोंबणारे बर्फ पाहून त्याच्या वाटेला गेली नाही. पहिला मान मिळाला तो आपल्याच माणसांना. भारत-तिबेट सीमा पोलीस दलाच्या तुकडीने हुकम सिंग यांच्या नेतृत्वाखाली, पश्चिमेच्या धारेवरून, ३ जून १९७४ रोजी माथा गाठला. योगायोग असा, की दुसऱ्याच दिवशी गढवालातलेच दुसरे ग्रॅनाइटचे शिखर, चांगाबांग, भारतीय-ब्रिटिश तुकडीने सर केले.

पुढे कस लागू लागला तो वाटेचा. १९८१ साली डग स्कॉट, ग्रेग चाइल्ड, रिक व्हाइट आणि जॉर्ज बेतांबूर हे चौघे पूर्वेच्या धारेने चढले. तेरा दिवस त्या धारेवरच राहिले. १९८३ साली ख्रिस बॉनिंग्टन आणि जिम फॉदरिंगहॅम यांनी नैर्ऋत्येचे, थोडे ठेंगणे जुळे शिखर प्रथमच गाठले. २००० साली थॉमस हुबर आणि इवान वोल्फ उत्तरेच्या खांबावरून थेट वर गेले.

हा सारा इतिहास मला तोंडपाठ होण्याचे कारण आमचे चिरंजीव. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत शिकून आल्यापासून त्यांच्या खोलीच्या भिंतीवर एकच चित्र आहे. सौ.चे म्हणणे एकच, “पिंडीवर पाय ठेवायचा? आमच्या घरात नाही चालायचं.” शेवटी तिघांनी मिळून एकदा शिवलिंग पाहून तरी यावे असे ठरले, आणि सौ. गुडघ्यांना पट्टे बांधून तपोवनापर्यंत चालत आली.

पहाटे पहिले ऊन माथ्यावर पडले तेव्हा तिने हात जोडले. चिरंजीव संधी साधून म्हणाले, “आई, १९५५ साली कांचनजंगा पहिल्यांदा चढणारे दोघे माथ्याच्या अलीकडे चार पावलं थांबले होते. सिक्कीमच्या लोकांना तो देव, म्हणून. मीही तसाच थांबेन.”

सौ. बराच वेळ गप्प होती. मग तिने पश्चिमेकडे बोट केले. “तो वर लटकलेला बर्फ तुझ्या वाटेतच आहे ना रे?”

“हो. त्याच्या बाजूनंच जावं लागतं.”

“मग ऐक. पाप-पुण्याचं मी नुसतं तोंडानं म्हणत होते. भीती मला त्या बर्फाची वाटते. देव रागावला तर मी त्याची समजूत काढीन. बर्फाची कशी काढू?”

मला वाटले, संपले! चिरंजीवांनाही तसेच वाटले असावे. पण सौ. पुढे म्हणाली, “देवासाठी चार पावलं अलीकडे थांबशील, ते ठीक. आमच्यासाठी चारशे पावलं अलीकडे थांबता येईल का? हवा बिघडली, मन कचरलं, सोबती दमला, तर माथा समोर दिसत असताना फिरशील? तेवढं आज नको सांगूस. मनाशी खरं ठरेल तेव्हा सांग, मग मी आडवी येणार नाही.”

एरवी घरात शब्द खाली पडू न देणारा आमचा मुलगा त्यावर काहीच बोलला नाही. परतताना गोमुखाच्या उतारावर मात्र तो आईचा हात धरून, तिच्या एकेका पावलाने चालत होता. चढण्याची घाई नसलेले त्याचे ते चालणे मी प्रथमच पाहत होतो.

भिंतीवरचे चित्र अजून तिथेच आहे. उत्तर यायचे आहे, आणि ते लवकर येत नाही याचेच मला समाधान वाटते.