दस्ता

आमच्या घरांत पळी-पंचपात्राप्रमाणेंच एक ठासणीची बंदूकहि होती, ही गोष्ट माझ्या मुलांना ठाऊक नाहीं. मींच ती कधीं सांगितली नाहीं. गेल्या वर्षीं ती सांगण्याचा प्रसंग आला, आणि तोहि कोठें, तर अमेरिकेंत, पेनसिल्व्हानियांतील पुतण्याच्या घरीं.

कार्तिकाचे दिवस होते. रात्रीं जेवणें आटोपल्यावर पुतण्यानें मेजावर एक लांबट खोकें आणून ठेविलें. आंत शिकारीच्या रायफलीची नळी व बोल्टचा भाग होता. दस्ता मात्र नव्हता.

"काका, तुम्ही सांगा, याला अक्रोडाचा दस्ता लावूं कीं ॲल्युमिनियमची चासी?"

सूनबाई भांडीं विसळतां विसळतां थांबली. "काकांना काय विचारतां असलें!"

चासी म्हणजे मोटारीचा सांगाडा, एवढेंच माझें ज्ञान. पुतण्यानें हौसेनें सारें समजावून दिलें. तिकडील रानांतले लांडगे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाहींसे झाले. हरिणें मात्र अतोनात वाढलीं आणि कोवळीं रोपें फस्त करूं लागलीं. म्हणून सरकारच परवाने देऊन त्यांची संख्या आटोक्यांत ठेवतें. शेजाऱ्यांच्या नादानें तोहि आतां परवाना काढूं लागला होता.

अक्रोडाचें लाकूड दिसावयास देखणें, हाताला उबदार; परंतु दमट हवेंत तें फुगतें, कोरड्या हवेंत आकसतें, आणि त्याचा दाब नळीवर आला कीं गोळी नेमापासून ढळते. म्हणून नळी व लाकूड यांमध्यें कागदी नोट अडखळल्यावांचून सरकावी एवढी फट ठेवतात. चासींत बोल्टचा भाग सरळ धातूवर आवळला जातो. पावसापाण्यानें तो हलत नाहीं. पण निशाणबाजीच्या सामन्यांची चासी चार-पांच पौंडांची. ती घेऊन डोंगर चढणें म्हणजे शिक्षाच. शिकारीसाठीं हलक्या चासीहि निघाल्या आहेत. परंतु थंडींत त्यांचा धातू बोटांना चटका देतो.

तो बोलत होता आणि माझ्या डोळ्यांपुढें राजापूर तालुक्यांतील आमचें शेत उभें राहिलें होतें. १९७० सालची गोष्ट. मी सतरा वर्षांचा. नाचणींत रानडुकरें येत, म्हणून आजोबा परवान्याची बंदूक घेऊन माळ्यावर बसत. त्या रात्रीं त्यांना ताप होता. मीं हट्टानें बंदूक मागून घेतली. आजोबा धिप्पाड, मी किरकोळ. दस्ता माझ्या घोंगडीच्या घडींत अडकला, गाल लाकडाला टेकेना, डोळा नळीच्या रेषेंत येईना. तरी मीं चाप ओढलाच. डुक्कर मेलें नाहीं. त्याची किंकाळी वहाळाच्या दिशेनें गेली आणि पहांटेपर्यंत थांबून थांबून येत राहिली. आजोबा तापांत कंदील घेऊन मजबरोबर हिंडले. उजाडतां उजाडतां जनावर पाण्याकांठीं सांपडलें, आणि आजोबांनीं तें संपविलें. ते मला रागावले नाहींत. एवढेंच म्हणाले, "बंदूक माझ्या मापाची. ती तुझ्या हातीं दिली, ही चूक माझी."

पुढें १९७२ सालीं वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. पण माझी बंदूक त्यापूर्वींच सुटली होती.

हें सारें सांगून झाल्यावर घरांत कोणीच बोलेना. मग मीं पुतण्याला म्हटलें, "शिकारीला जातोस त्याचा कोट घालून ये." कोटाच्या जाडीनें दस्ता तेवढाच लांब होतो, हें मला घोंगडीनें शिकविलें होतें. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत साडेतेरा इंच हें तयार दस्त्यांचें नेहमींचें माप. शेजाऱ्याची लाकडी दस्त्याची रिकामी रायफल मागून आणली. मीं त्याला डोळे मिटून ती खांद्याला लावावयास सांगितली. "आतां उघड. दुर्बिणींतलें वर्तुळ पुरतें दिसतें का?"

"नाहीं. कडेला काळी कोर दिसते. मान पुढें काढावी लागते."

अक्रोड मला मनापासून आवडला होता, तरी निवाडा चासीच्या बाजूनें झाला: तीन पौंडांच्या आंतली, जिची लांबी कमी-जास्त करतां येते, गालाखालची पट्टी वर-खालीं होते, आणि मुठीची जागा रबरानें मढविलेली आहे अशी. रूप म्हणाल तर एखाद्या गिरणीच्या सुट्या भागासारखें! पण जनावराच्या यातना दस्त्याच्या देखणेपणानें कमी होत नाहींत. सूनबाई मात्र हळूच म्हणाली, "गेलेच नाहींत तर?" त्यावर माझ्यापाशीं उत्तर नव्हतें, अजूनहि नाहीं.

हंगामाच्या पहिल्या दिवशीं पुतण्या काळोख पडल्यावर रिकाम्या हातानें परतला.

"दिसलें नाहीं का?"

"दिसलें, काका. चांगलें मोठें होतें. पण मध्यें फांद्या होत्या, खात्री वाटेना. चाप ओढला नाहीं."

सूनबाईनें कांहीं न बोलतां त्याच्या पुढ्यांत गरम आमटी-भात वाढला. मीहि दुसऱ्यांदा भात मागून घेतला.