पंपाची कुरकुर

कुरकुर करणारी माणसे मला कधी आवडली नाहीत. निदान 2018 सालच्या मे महिन्यापर्यंत तरी आवडत नव्हती. त्या महिन्यात माझे मत बदलले, आणि ते बदलले कुणा साधुपुरुषाने नव्हे, तर आमच्या जुन्या डिझेल अँबॅसडरच्या पाण्याच्या पंपाने.

माझ्या परिचयातले कुरकुरीचे सम्राट म्हणजे आमचे अण्णा. माझे थोरले चुलतभाऊ. कळंब तालुक्यात त्यांची कोरडवाहू शेती. रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा आणि अर्धा तास गाऱ्हाणी चालायची. रोह्यांनी तूर खाल्ली, शेतपंपाची वीज रात्रीच येते, कापसाला भाव नाही. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने आमच्या जिल्ह्यातल्या कपाशीची बोंडे आतून पोखरली, तेव्हा तर त्या अर्ध्या तासाचा तास झाला. शेवटी फेब्रुवारीत एका लग्नघरी, दहा जणांत मी म्हणालो, "अण्णा, पुरे करा आता. तुमचं रडगाणं ऐकून कान किटले." सगळे हसले. अण्णाही हसले. त्यानंतर फोन आला की ते एवढेच म्हणत, "बरं आहे सगळं." मी मनात म्हटले, चला, माणूस सुधारला!

आता गाडीविषयी. हिंदुस्थान मोटर्सने 1980 च्या सुमारास डिझेलवर चालणारी अँबॅसडर बाजारात आणली. पुढे काही वर्षांनी आमच्या वडिलांनी तशी एक घेतली. तिचा आवाज असा, की ती वळणावर असतानाच घरात चहाचे आधण ठेवावे. 2014 साली उत्तरपाड्याच्या कारखान्यात अँबॅसडर बनणे थांबले. तेव्हापासून घरातली मंडळी तिला भंगारात द्या म्हणतात आणि मी ऐकत नाही.

2018 चा उन्हाळा यवतमाळकर विसरणार नाहीत. निळोणा आणि चापडोह ही शहराला पाणी देणारी धरणे तळाला गेली होती. नळ कित्येक दिवस कोरडे. टँकर आला की गल्लीत भांड्यांची रांग लागे. नेमक्या त्याच दिवसांत आमची गाडी पाणी पिऊ लागली. रोज सकाळी रेडिएटरमध्ये तांब्याभर, मग दोन तांबे.

"अहो, माणसांना प्यायला नाही आणि तुम्ही त्या लोखंडाला पाजता?" सौभाग्यवतींनी एक दिवस तांब्याच हातातून काढून घेतला.

तिचे म्हणणे खोटे नव्हते. म्हणून एका रविवारी मी बॉनेट उघडून आत डोके घातले. इंजिनाच्या तोंडाशी, पंख्याच्या मागे, पाण्याचा पंप असतो. गॅरेजवाले त्याला 'वॉटर बॉडी' म्हणतात. त्याच्या पोटाखाली हरभऱ्याएवढे एक भोक होते आणि त्यातून थेंब थेंब पाणी ओघळत होते. चोर सापडला! मी बाजारातून एम-सील आणले, दोन गोळे मळून एक केले आणि ते भोक गच्च बुजवून टाकले. दुसऱ्या दिवशी जमीन कोरडी. मिस्त्रीचे पैसे वाचवले म्हणून मी दोन दिवस घरात ऐटीने वावरलो.

त्यानंतर पाऊण महिना गाडीने हूं की चूं केले नाही.

मे महिन्यातल्या संकष्टीला आम्ही कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेलो. या देवळात पायऱ्या उतरून खाली जावे लागते. तिथल्या कुंडाचे पाणी बारा वर्षांनी वर चढते आणि गणपतीच्या पायांना लागते, असे भाविक सांगतात. त्या दिवशी मात्र सगळीकडे कोरडे ठणठणीत होते. परतताना यवतमाळचा चढ लागला, आणि इंजिनातून जात्यात खडा सापडावा तसा आवाज येऊ लागला. काटा लाल खुणेकडे सरकला. मी गाडी बाजूला घेतली तोच मोठा कर्कश आवाज झाला, पट्टा जळाल्याचा वास आला आणि बॉनेटखालून वाफ उसळली.

मुलगा रेडिएटरचे झाकण उघडायला धावला. त्याला मी वेळीच ओढले. तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडले तर उकळते पाणी तोंडावर उडते. शिवाय लाल झालेल्या लोखंडावर गार पाणी ओतले, तर त्याला तडा जाण्याची भीती. अशा वेळी काहीच न करणे हाच उपाय. आम्ही तासभर कडुनिंबाखाली बसलो आणि मग एका ट्रॅक्टरला दोर बांधून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री आले. वडिलांच्या वेळेपासून हीच गाडी पाहणारे, त्यामुळे माझ्यापेक्षा तिच्यावर त्यांचा अधिकार मोठा. त्यांनी रेडिएटरची तोटी सोडून उरलेले पाणी बादलीत धरले. सौभाग्यवतींनी ते लगेच जास्वंदीला नेऊ पाहिले. "नोको वहिनी, तेल-गंज असते त्याच्यात," मिस्त्री म्हणाले. मग त्यांनी हौस पाइप काढले, रेडिएटर उचलून भिंतीला टेकवला, डायनॅमो सैल करून करपलेला पट्टा उतरवला, पंखा आणि पुली सोडवली. शेवटी पंपाचे बोल्ट. एक गंजून बसला होता. त्याला तेल पाजून, हातोडीने टिचक्या मारून, त्यांनी तो अर्ध्या तासाने हलवला. पंप हातात आला तसा त्यांनी तो उलटा केला आणि नखाने माझे एम-सील खरवडले.

"हे कोनं बुजवलं जी?"

"मी."

"काहून?"

"गळत होतं म्हणून."

मिस्त्रींनी माझ्याकडे असे पाहिले, की मी पुन्हा चौथीत गेलो. "गळाले पाह्यजे म्हनूनच तं ठेवलं हाये ते."

मग त्यांनी मला पंपाची रचना समजावली. इंजिनात जळणाऱ्या तेलाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने तिसरा हिस्सा पाणी वाहून नेते. ते पाणी फिरवण्यासाठी पंपाच्या दांड्याला एका टोकाला पाती असतात. ती पाण्यात बुडालेली. मधे दांडा पेलणारे बेअरिंग असते. ते मात्र कोरडे हवे, ग्रीसमध्ये. दोघांच्या मधे एक सील. सील झिजले की पाणी बेअरिंगकडे निघते. ते तिथे पोचण्याआधी बाहेर पडावे, मालकाला दिसावे, म्हणून करणाऱ्याने मुद्दाम ते भोक ठेवलेले असते. मी भोक बुजवले. पाणी आत गेले, ग्रीस धुतले, बेअरिंग गंजले आणि चढावर अडकले.

"एका थेंबानं सांगत होतं बिचारं," मिस्त्री म्हणाले. "तुमी त्याचं तोंडच बंद केलं. मंग ते गप्प बसलं. गप्प बसलं म्हंजे बरं झालं, असं नसते जी."

ते सहज बोलले आणि जुने पॅकिंग पात्याने खरवडू लागले. मला मात्र भर उन्हात गार वाटले. "बरं आहे सगळं" हे शब्द मी तीन महिने ऐकत होतो.

आमच्या जिल्ह्यात गप्प झालेल्या शेतकऱ्याची भीती वाटते. याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी 19 मार्च 1986 रोजी कुटुंबासह जीवनयात्रा संपवली. त्यांच्या आठवणीसाठी 19 मार्चला आजही अनेक जण दिवसभर अन्न घेत नाहीत. हे सारे मला ठाऊक होते, आणि तरी मी एका शेतकऱ्याला दहा जणांत गप्प केले होते.

नवा पंप दुसऱ्या दिवशी नागपूरहून आला. मिस्त्रींनी नव्या पॅकिंगला शेलॅक लावून तो बसवला, बोल्ट आळीपाळीने समोरासमोरचे आवळले, नवा पट्टा चढवला आणि अंगठ्याने दाबून अर्धा इंच लवतो ना ते पाहिले. मग झाकण उघडे ठेवूनच गार इंजिन सुरू केले. आतली हवा बुडबुडे होऊन निघून गेल्यावर पाणी थोडे खाली बसले. ते भरून झाकण लावले. "दहा-वीस मैल फिरवून पाहा," म्हणाले.

मी गाडी थेट अण्णांच्या गावी नेली.

अण्णा ओसरीवर बसले होते. वाळले होते. "बरं आहे ना सगळं?" मी विचारले. "बरं आहे," ते म्हणाले. चहा झाला. काय बोलावे सुचेना, म्हणून मी गाडीचीच कथा सांगितली, भोकासकट. अण्णा उठले, बॉनेट उघडायला लावले आणि वाकून बराच वेळ पंपाखाली पाहत राहिले.

"आता येते का थेंब?"

"नवा आहे. अजून नाही."

"आला तं बुजवू नोको, बापू." आणि मग वाकलेले असतानाच, माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "दोन महिने झाले, मले झोप नाही."

त्यानंतर ते दिवेलागणीपर्यंत बोलले. बोंडअळी, बँक, सावकाराचे व्याज, विहिरीचा तळ. वहिनी दाराशी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. यातले निम्मे त्याही प्रथमच ऐकत होत्या. मी मधे एक शब्द बोललो नाही. अण्णांचे कर्ज फेडण्याइतकी माझी ऐपत नाही. पुढे कागद घेऊन त्यांच्याबरोबर दोनदा बँकेत जाऊन बसलो, एवढेच मी केले. पण त्या रात्री अण्णा पोटभर जेवले आणि ओसरीवर घोरत झोपले, ते मी स्वतः ऐकले.

त्या वर्षी पाडव्याला सकाळी, अंगाला उटणे लागलेले असताना फोन वाजला. पाऊस दगा देऊन गेला, बोंडे बारीक राहिली, रोही पुन्हा आले, मजूर मिळत नाही. "अहो, पाणी निवतंय!" आतून हाक आली. निवू दे म्हटले. तशीच ओली बोटे फोनला लावून मी पाटावर बसून राहिलो. अशी दिवाळी त्यापूर्वी मी कधी साजरी केली नव्हती.

गाडी अजून आहे. अण्णांचा फोनही रोज येतो. गेल्या महिन्यात पंपाखाली पुन्हा एक थेंब दिसला. मी खाली वाटी ठेवली आहे, आणि मिस्त्रींना निरोप धाडला आहे.