पासंग

आमच्या घरात एका पिढीकडे बंदूक होती आणि पुढच्या पिढीकडे काटा. आजोबा रोहा तालुक्यात शेती करीत आणि पीकसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक बाळगीत. वडील वैद्य. ते मोऱ्यास आले, बंदराच्या वाटेवर दवाखाना थाटून बसले आणि सोनाराकडून घेतलेल्या पितळी काट्यावर आयुष्यभर भस्मे तोलीत राहिले. तिसऱ्या पिढीकडे, म्हणजे आमच्याकडे, मराठीचे अध्यापन आले. त्याला ना दारू लागते, ना वजन.

म्हणूनच गेल्या पावसाळ्यात पेनसिल्व्हानियातून पुतण्याचा फोन आला तेव्हा आम्ही जरा गडबडलो. तो तेथे नेमबाजी करतो हे ठाऊक होते. आता रिकामी काडतुसे घरीच पुन्हा भरण्याचा त्याचा बेत होता. "काका, दारू तोलायला काटा घ्यायचाय. दांडीचा घेऊ की इलेक्ट्रॉनिक? आजोबांचा काटा तुमच्याकडेच आहे ना, म्हणून तुम्हाला विचारतो." अमेरिकेत स्वतःपुरती काडतुसे भरण्यास संघराज्याचा परवाना लागत नाही. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याने परवान्यावाचून दारूगोळा बनविणे हा गुन्हा आहे. तेव्हा मोऱ्यात बसून आम्हांला सल्ला देता येत होता, प्रयोग करता येत नव्हता.

'दारू' हा शब्द मात्र मोऱ्यास नवा नाही. फारसीत दारू म्हणजे औषध. आपल्या 'दवादारू'त तो अर्थ अजून शिल्लक आहे. एकोणिसाव्या शतकात उरण मोहाच्या दारूसाठी प्रसिद्ध होते आणि भट्ट्या बहुतेक पारशांच्या होत्या. बंदुकीच्या दारूबद्दल बोलायचे तर नौदलाचा शस्त्रसाठा येथून जवळ, करंज्याला. एकाच शब्दाचे तिन्ही अर्थ एवढ्याशा टापूत नांदताना आम्ही दुसरीकडे पाहिलेले नाहीत. असो.

पुतण्याने सांगितले की दारू 'ग्रेन'मध्ये तोलतात आणि पिस्तुलाच्या लहान काडतुसात ती चार-सहा ग्रेनच असते. ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. मुळात तो जवाचा दाणा. ब्रिटिशांनी १८३३ साली आपला तोळा १८० ग्रेनांचा ठरविला. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. म्हणजे तोळ्याच्या ९६ गुंजा आणि एक गुंज पावणेदोन ग्रेनांहून किंचित जास्त. हिशेब मांडला तेव्हा कळले की पुतण्याचे आख्खे काडतूस तीन गुंजांच्या आसपास आहे. वडिलांच्या तीन पुड्या! त्यांची गुंज १२५ मिलिग्रॅमची असे, कारण आयुर्वेदात आता तोच आकडा रूढ आहे. ब्रिटिश तोळ्यातून काढलेली गुंज १२१ मिलिग्रॅमच्या थोडी वर भरते. वडिलांना हा फरक ठाऊक होता. भस्माला तो चालतो, असे ते म्हणत.

पुतण्याच्या दारूला मात्र तो सहजी चालत नाही. काळी दारू पूर्वापार मापट्याने, आकारमानाने घेत. हल्लीची बिनधुराची दारू तोलावीच लागते, कारण थोड्या वाढीने नळीतला दाब धोक्याच्या पलीकडे जाऊ शकतो. पाच ग्रेनांत अर्ध्या ग्रेनाची चूक म्हणजे दहावा हिस्सा.

बाजारात आम्ही दोन-तीन दुकाने हिंडलो. खिशात मावणारा, ०.०१ ग्रॅम दाखविणारा इलेक्ट्रॉनिक काटा स्वस्तात मिळाला. दुकानदार म्हणाला, "साहेब, दोन दशांश!" भाषेच्या माणसाला आकड्याने दिपविणे सोपे असते. घरी येऊन गुणाकार केला तर ०.०१ ग्रॅम म्हणजे दीड दशांश ग्रेन. दारूच्या साध्या दांडीच्या काट्यावर दहाव्या हिश्श्याच्या ग्रेनाच्या खुणा असतात. म्हणजे आमचा नवा काटा दोन दशांश दाखवूनही जाडाभरडाच ठरला.

मग आम्ही स्वयंपाकघरातून मोहरी आणली. नव्या काट्याच्या ताटलीत एकेक दाणा, मध्ये दम घेत, टाकीत गेलो. तीसेक दाणे पडले तरी शून्य! तेच दाणे एकदम ओतले तेव्हा कुठे आकडा उमटला. यामागचे कारण पुढे समजले. वारा किंवा तापमान यांमुळे आकडा हलू नये म्हणून असा काटा शून्याजवळची बारीक वाढ स्वतःच गिळतो आणि शून्य राखतो. पण काडतूस भरणारा माणूस शेवटचे दाणे असेच एकेक करून सोडतो. जी वाढ पाहण्यासाठी काटा घ्यायचा, तीच तो पचवून टाकणार. शिवाय आमच्याकडे पंखा लावला की शेवटचा आकडा नाचे, आणि पंखा बंद करून मोऱ्याच्या दमट हवेत बसणे म्हणजे काय ते येथल्यांनाच ठाऊक. चांगले, महाग इलेक्ट्रॉनिक काटे असे वागत नाहीत हे मान्य. पण तेही आधी तापू द्यावे लागतात आणि प्रमाणित वजन ठेवून वरचेवर तपासावे लागतात.

वडिलांचा काटा त्यानंतर पेटीतून काढला. दवाखाना उघडला की ते प्रथम रिकामी पारडी उचलून धरीत. एक पारडे किंचित खाली जाई. दुसऱ्यात ते कागदाचा कपटा टाकीत, दांडी सरळ झाली की मगच पहिली पुडी. हा कपटा म्हणजे पासंग. एखादा दुसऱ्याच्या पासंगालाही पुरत नाही, असे आपण वर्गात वाक्प्रचार म्हणून शिकवितो. त्यातला पासंग आमच्या घरात रोज सकाळी हाताने घातला जाई. दांडीचा काटाही चुकतो, धूळ बसली की अडतो. पण त्याचे चुकणे रिकाम्या पारड्यांत आधीच दिसते. इलेक्ट्रॉनिक काट्याचा पासंग आत कुठेतरी आपोआप पडतो आणि आपल्याला दिसतो तो नितळ शून्य.

आम्ही पुतण्याला कळविले: दांडीचा घे, सोबत प्रमाणित वजने घे, रोज आधी शून्य पाहा. तो खूश झाला. फोन ठेवणार तोच आमच्याकडून निघून गेले, "पण काट्याने सगळे भागत नाही. तुझ्या पणजोबांचा अंगठा आठव."

पणजोबांचा डावा अंगठा रानडुकराने नेला, ही कथा आमच्या घरात सर्व मुलांना सांगितली जाते. आम्हीच ती त्याला सांगितली होती, सुळ्यांच्या अभिनयासह. खरी हकिगत वडिलांनी आम्हांला एकदाच, दवाखान्याची फळी लावताना सांगितली होती. आजोबांचा हात असा की मापट्याशिवाय ओतलेली दारूही बरोबर भरे. त्या रात्री बार ठासून ते मचाणावर बसले, कुणी हाक मारली म्हणून उतरले, परत चढले आणि ठासलेल्या बारावर दुसरा बार ठासला. दोन्ही वेळा माप बिनचूक होते. नळी फुटली.

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग पुतण्या म्हणाला की एकाच काडतुसात दोनदा दारू पडणे हीच या कामातली मोठी भीती आहे. रिकामी काडतुसे तो उपडी ठेवील, भरलेली उताणी, आणि गोळी बसविण्यापूर्वी प्रत्येकात विजेरीने डोकावील. आम्ही म्हटले, विजेरी रोज, काटा घेतला तरी.

"काका," तो म्हणाला, "मग डुक्कर?"

"डुक्कर आलेच नव्हते त्या रात्री."