ठाण्याच्या टेंभी नाक्यावरचं भाड्याचं घर

शनिवार, 2 ऑगस्ट 2025

नवव्या मजल्यावरचा वन बीएचके पाहिला. एजंटने जिम, पोडियमवरची बाग, स्टॅक पार्किंग असं सगळं हौसेने दाखवलं. खिडकी मात्र मीच उघडली. खाली बेने इस्रायलींचं सिनेगॉग, शार हाशामाईम, 1879 सालचं. पलीकडे सिव्हिल हॉस्पिटलचं नवं बांधकाम. मासुंदा तलाव आणि कौपिनेश्वर मंदिर चालत जाण्याच्या अंतरावर. जिम कुठल्याही टॉवरमध्ये मिळते. मी भाडं मोजणार ते या नाक्यासाठी.

गुरुवार, 7 ऑगस्ट

भाडं 32 हजार, डिपॉझिट एक लाख, करार अकरा महिन्यांचा. एजंट म्हणाला, "नोटरी करून टाकू, सगळे तेच करतात." मी ठाम नाही म्हटलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999, कलम 55 : लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. मालकाला दंड किंवा कैदही होऊ शकते. मुद्रांक साधारण नऊशे रुपये, नोंदणी फी हजार. एवढ्यासाठी कशाला घासाघीस करायची?

मालकीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "बाळा, नोंदणीच करू. चाळीत आमच्याकडे पागडीच्या पावत्या होत्या, म्हणून तर पुनर्विकासात आम्हाला घर मिळालं." त्या पावत्या अजून त्यांच्या कपाटात आहेत. पिवळ्या, घडीवर फाटलेल्या, रबरबँड लावलेल्या.

मग दोघांनी बायोमेट्रिकवर अंगठे दिले. मालकीणबाईंच्या अंगठ्याच्या रेषा कामाने झिजलेल्या, चौथ्यांदा उमटल्या.

शनिवार, 16 ऑगस्ट

दहीहंडी. आज टेम्पो नाक्यावर येणं शक्यच नव्हतं, म्हणून सामान काल सकाळीच चढवून घेतलं. लिफ्टमध्ये एक शेजारी आवाजाबद्दल कुरकुरत होते. डेसिबलची मर्यादा पाळलीच पाहिजे. पण शिवसेनेच्या आनंद दिघ्यांच्या काळापासून हा उत्सव इथे रुजलेला आहे, टॉवर त्यानंतर आला, हे घर घेतानाच ठाऊक असायला हवं.

सोमवार, 22 सप्टेंबर

घटस्थापना. देवी कळव्याहून मिरवणुकीने नाक्यावर आली. मी खाली गेलो. जुन्या चाळीतली मंडळी गेटपाशी खुर्च्या टाकून बसली होती. त्यांना याच इमारतीत घरं मिळाली आहेत, पण विंग वेगळी आणि लिफ्टही वेगळी. आमच्या विंगेतलं जवळपास कुणीच खाली नव्हतं. एकाच प्लॉटवर राहणाऱ्यांची अशी विभागणी मला पटत नाही. एका आजींनी खुर्ची सरकवली, "बसा ना, नवीन आलात का?" तासाभरात दूधवाला, प्लंबर आणि बाई, तिघांचे नंबर मिळाले.

इथे घर बघायला याल तर रविवारच्या शांत दुपारी येऊ नका, सणाच्या दिवशी या. खिडकी उघडून दहा मिनिटं उभे राहा. जमत असेल तरच होकार द्या, आणि नोंदवलेल्या कराराची प्रत हातात आल्याशिवाय डिपॉझिट देऊ नका.