चांदाच्या तारखांवर चालणारी होडी

दाभोळच्या खाडीवर भरतीची वेळ बघायला कुणी मोबाइल काढत नाही; निदान साठीच्या पुढचं तरी कुणी नाही. तिथीचे पाऊणपट केले की भरतीचा तास मिळतो. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी भरलेलं. हा हिशेब भोई, खारवी, दालदी सगळ्यांना पाठ. आमच्या खालूंच्या पडवीत मात्र हिजरी तारखांचं कॅलेंडर टांगलेलं असतं आणि ते त्यावरूनच गणित करतात. चांदाच्या तारखेत एक, कधी दोन मिळवले की तिथी जवळपास येते. पौर्णिमा उलटली की पंधरा वजा करायचे.

हे एकदा समजलं की आपल्याच सणांकडे वेगळ्या नजरेनं बघता येतं. शबे-बरातला खाडी तुडुंब असते. रमजान ईद नव्या चांदाला येते, म्हणून ईदच्या दिवशी हमखास उधाण. ईदगाहवरून घरी येऊन शीरखुर्मा पिऊन होईतो दुपारी दीड-दोनला पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीला लागलेलं असतं. बकरी ईद दहावीची, तेव्हा भांग नुकतीच ओसरलेली, पाण्याला ओढ कमी. ‘चांद एकच आहे,’ खालू म्हणतात, ‘रोजाही तोच सांगतो आणि पाणीही तोच सांगतो.’

पण चांद पाऊस सांगत नाही. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे रमजान दरवर्षी मागे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांनी पुन्हा त्याच हंगामाला येतो. 2016 साली पहिला रोजा आणि मिरग जवळपास एकदमच आले होते. तेव्हा होडी वर ओढलेली होती. आता रमजान फेब्रुवारी-मार्चात येतो, म्हणजे ऐन खाडीच्या दिवसांत. म्हणून त्या घरात दोन हिशेब चालतात. पाण्यासाठी चांद, पावसासाठी मिरग. या दोहोंच्या मधे माझ्या खाला आणि खालूंचं वर्ष बसवलेलं आहे.

खालू मुंबई बंदरात टगबोटीवर सारंग होते. खाला जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिक्षिका. कोकणी मुसलमानांच्या किती घरांची ही गोष्ट आहे! पुरुष मुंबईला, जहाजावर नाहीतर आखातात. बाई गावात सासू-सासरे, मुलं, मळा आणि नोकरी सांभाळून. खाला एकदा हसत म्हणाल्या होत्या, ‘निकाहाला चौतीस वर्षं झाली तेव्हा मी हिशेब केला. एका छपराखाली सहा वर्षंही भरली नाहीत.’ दोघं निवृत्त झाले तेव्हा घरात दोन अनोळखी माणसं राहायला आल्यासारखं झालं. खालूंना चहा किती गोड लागतो हे खालांना धाकट्या जावेला विचारावं लागलं. खालूंना घरात काय करावं ते कळेना. पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी एका भोयाकडून जुनी लाकडी होडी विकत घेतली. खाला आधी रागावल्या, मग एक दिवस चटई आणि डबा घेऊन होडीत जाऊन बसल्या.

दाभोळ म्हणजे वाशिष्ठीचं मुख. उत्तरेला दाभोळ, दक्षिणेला धोपावे. मधे फेरीबोट गाड्या आणि माणसं घेऊन ये-जा करते. बहमनी आणि आदिलशाही काळात हे पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर होतं. पंधराव्या शतकात रशियाचा व्यापारी अफानासी निकितिन हिंदुस्थान बघून परत निघाला तो इथूनच होर्मुझला जाणाऱ्या जहाजात बसला. 1508 च्या अखेरीस पोर्तुगीजांनी हे शहर जाळलं, तरी ते पुन्हा उभं राहिलं. किनाऱ्यालगत चार मिनार आणि घुमट असलेली जुनी शाही मशीद आहे. विजापूरची शाहजादी आयेशाबीबी हजला निघाली होती, समुद्र सुरक्षित नव्हता म्हणून इथे अडकली आणि हजसाठी आणलेला पैसा तिनं या मशिदीला लावला, असं सांगतात. बांधकाम 1659-60 च्या सुमाराचं मानतात. होडी मशिदीसमोरून जाताना खाला दर वेळी तिच्यासाठी दुआ करतात. ‘बिचारीला पाण्यापर्यंत येऊन परत फिरावं लागलं.’

मुखाबाहेर हे दोघं जात नाहीत. लाट उभी राहते तिथे वल्ह्याच्या होडीचं काम नाही. त्यांची सगळी फिरती आत, खाडीच्या वरच्या अंगाला. भरतीचं पाणी पार चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत चढतं. भरतीबरोबर वर जायचं, ओहोटीबरोबर खाली यायचं. पाणी आपलं काम करतं, वल्हं फक्त दिशा देतं. वर जाताना दोन्ही काठांना तिवरं दाट होत जातात आणि पाण्याचा खारेपणा कमी होतो. घाटमाथ्यावरचं कोयनेचं पाणी वीजघरांतून उतरून वाशिष्ठीत येतं, त्यामुळे उन्हाळ्यातही वर गोडं पाणी असतं. तिथे चिखलावर मगरी ऊन खात पडलेल्या दिसतात. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा होडीच्या मधोमध सरकून बसले. खालू म्हणाले, ‘ती तुला बघायला आलेली नाही, बेटा. तिचं घर आहे ते.’

डिसेंबर-जानेवारीत ते दोन-तीन दिवसांची फेरी काढतात. काठावरच्या गावांत दोघांचे नातेवाईक आणि खालांचे माजी विद्यार्थी आहेत, त्यामुळे मुक्कामाची चिंता नसते. सोबत स्टोव्ह, तांदळाचं पीठ, नारळ, आमसुलं, गरीचं साहित्य आणि एक पाग. बसताना नूह अलैहिस्सलाम यांच्या नौकेची दुआ म्हणायची, मगच दोर सोडायचा. जोहर आणि असर शक्यतो काठावर उतरून. वजू खाडीच्या पाण्यानं. कोकणी मुसलमान शाफई. आपल्या मजहबात कसरसाठी साधारण ऐंशी किलोमीटरच्या वरचा प्रवास लागतो, म्हणून खाडीत कितीही फिरलं तरी नमाज पुरी. हे मला खालांनी सांगितलं, वर म्हणाल्या, ‘सहलीला सवलत नाही!’

गरवणं हे खालूंचं खरं वेड. पऱ्ह्याच्या तोंडाशी भरतीचं पाणी आत शिरायला लागलं की गरीला जिवंत कोळंबी लावून जिताड्याची वाट बघायची. तांबोशी खडकाच्या आडोशाला, बोय उथळ पाण्यात आणि तिला पागच हवी. शेंगाळा लागला तर काटा सांभाळून. खालूंना तास-तास गप्प बसता येतं. शिक्षिकेला ते जमत नाही, म्हणून खाला त्या वेळात कुरआनचं पठण करतात किंवा ओहोटीला चिखल-खडकात उतरून कालवं फोडतात. मासळी विकायची नाही हा त्यांचा नियम. दोघांना पेन्शन आहे. घरापुरती ठेवून उरलेली शेजारी वाटायची, आधी विधवा बायांच्या घरी. एकदा औरंगाबादकडचे हनफी पाहुणे आले होते. नारळाच्या दुधातलं कोळंबीचं सालन समोर आलं तेव्हा ते थबकले, कारण हनफी उलमांमध्ये कोळंबीबद्दल दोन मतं आहेत. खालांनी न बोलता ताट उचललं आणि बोयीचं तळलेलं ताट ठेवलं. वाद घालायला ही जागा नाही, इतकंच त्या नंतर म्हणाल्या. मला ते फार आवडलं.

मिरग आला की होडी वर. यांत्रिक बोटींना 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी असते. वल्ह्याच्या होडीला ती लागू नाही. तरीही खालू जात नाहीत. त्या दिवसांत मासा गाभोळीनं भरलेला असतो, तो धरायचा म्हणजे पुढच्या वर्षाचं खायचं. शिवाय पाणी लाल आणि बेभरवशाचं. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं तेव्हा वरून काय काय वाहून आलं ते त्यांनी पडवीतून पाहिलं. पुरानंतर खाडीच्या तळाचा नकाशाच बदलला. जिथे दोन पुरुष पाणी होतं तिथे वाळूचा दांडा आला. खालूंनी एक हिवाळाभर बांबूनं खोली मोजत नवी वाट पाठ केली. मासळी कमी झाली आहे हे मात्र पुराच्या आधीपासूनचं दुखणं. पहिल्या पावसात कधी कधी मेलेले मासे पोट वर करून तरंगत येतात. वरच्या बाजूच्या कारखान्यांचं पाणी, असं सगळे म्हणतात. खालू त्या दिवशी जेवत नाहीत.

पावसाळा प्रवासाचा. चिपळूणला कोकण रेल्वेत बसायचं आणि किनारा धरून दक्षिणेला जायचं. बहुतेक लोक पावसात उत्तरेला किंवा घरात जातात. हे दोघं पावसातूनच पावसात जातात. पहिला मुक्काम भटकळ. तिथल्या नवायतांची बोली कोकणीच्या जवळची, त्यात अरबी-फारसी शब्द मिसळलेले, आणि मजहब शाफई. खालांनी तिथल्या एका आजीशी अर्धा तास गप्पा मारल्या, आपापल्या बोलीत, आणि दोघींना समजलं. पुढे कोळिकोड. तिथले माप्पिळाही शाफई, कारण आपल्यासारखाच त्यांच्याकडेही इस्लाम अरबी व्यापाऱ्यांच्या गलबतांबरोबर समुद्रावरून आला. कुट्टिचिऱ्याच्या तळ्याकाठी मिश्काल मशीद आहे. लाकडाची, मजल्यावर मजले, उतरत्या कौलारू छपरांची. एकही मिनार नाही. ती बांधणारा मिश्काल हा नाखुदा होता, जहाजांचा मालक. आपल्याकडचा ‘नाखवा’ तोच शब्द. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये ही मशीद जाळली. दाभोळनंतर जेमतेम एका वर्षानं! खालू तिथे तळ्याच्या काठावर बराच वेळ बसून राहिले. एकाच किनाऱ्यावर एकच आग दोनदा लागली होती, आणि मधे आठशे-नऊशे किलोमीटर.

कोळिकोडजवळच बेपूर. तिथे ‘उरू’ नावाची प्रचंड लाकडी जहाजं बांधतात, आखातातले अरब ती घेतात. कारागीर कागदावरच्या नकाशाशिवाय, डोक्यातल्या मापांवर बांधतात. ती पाण्यात लोटणारे लोक स्वतःला खलासीच म्हणवतात. खालूंचे मर्हूम वडील हजच्या जहाजावर खलाशी होते, मुंबई-जेद्दा मार्गावर. ती समुद्री वाट 1995 पासून बंद झाली. खाला-खालू स्वतः हजला विमानानं गेले. खिडकीतून समुद्र दिसलाच नाही, ही खालूंची हज यात्रेबद्दलची एकमेव तक्रार.

गावात कुजबुज होते. या वयात बाईमाणसानं होडीत फिरायचं? खाला उत्तर देतात ते सहाबियांमधून. हजरत उम्मे हराम रजिअल्लाहु अन्हा यांनी समुद्रावरून जाणाऱ्या मोहिमेत आपणही असावं म्हणून पैगंबर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांच्याकडे दुआ मागितली होती. पुढे त्या खरोखर सायप्रसला गेल्या, तिथेच त्यांचा इंतकाल झाला आणि लार्नाकाजवळ त्यांची कबर आहे. ‘त्या जिहादला गेल्या, मी कालवं आणायला जाते,’ खाला म्हणतात, ‘पण पाण्याला बाईचं वावडं नाही एवढं तर कळतं ना?’

गेल्या पावसाळ्यात भटकळच्या ऐवजी मुंबईचा प्रवास घडला. खालूंच्या छातीत दुखलं, दोन स्टेंट बसवावे लागले. डॉक्टरांनी सांगितलं, चालायचं, पण जड ओढायचं नाही. कुवेतहून मुलाचा फोन आला, आता होडी विका आणि मुंब्र्याच्या फ्लॅटमध्ये राहायला जा. लिफ्ट आहे, दवाखाना समोर आहे. मुलगा वाईट सांगत नव्हता. तोही बापासारखाच बायको-मुलांना सोडून दूर राहतो आणि फोनवरून काळजी करतो. खालूंनी मान हलवली होती. गिऱ्हाईक येऊन होडी बघूनही गेलं.

नकार खालांनी दिला. शाळेत हजेरी घेत असाव्यात तशा आवाजात त्या मुलाला म्हणाल्या, ‘तुझ्या अब्बांबरोबर राहायला मला साठावं वर्ष उजाडावं लागलं. आता चौथ्या मजल्यावर बसून मी त्यांना टीव्ही बघताना बघू?’ फोनवर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मुलानं विचारलं, जुनी होडी वजनाला किती आहे?

लाकडी होडी विकली, ज्या भोयाकडून घेतली होती त्याच्याच मुलाला. तिच्या जागी फायबरची हलकी होडी आली, दोघांनी उचलता येईल अशी. मुलानं पैसे पाठवले आणि सोबत दोन लाइफ जॅकेट, भडक नारिंगी, खालूंना मुळीच न आवडणारी. वल्हं आता खालांच्या हाती असतं. पाऊस ओसरल्यावर मी गेले तेव्हा भांग होती, पाणी शांत. खालू नाळेवर बसून सूचना देत होते: डावीकडे घे, दांडा आहे, हळू, अगं हळू. खालांनी वल्हं उचलून आडवं धरलं, होडी आपसूक वाहू लागली, आणि त्या म्हणाल्या, ‘सारंग, वर्गात बडबड नको.’